मस्तगडाचा कतबा आणि फोटोची पाठ

मस्तगडाचा मी काढलेला पहिला फोटो अजून माझ्याकडे आहे. कॅमेरा मामूंचा, आगफा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे, त्यामुळे खटका दाबताना हात कापायचा. मावळतीचे आभाळ आणि त्यापुढे बुरुजाची काळी आकृती, एवढेच त्या फोटोत आहे. रोल धुऊन आला तेव्हा घरात सगळ्यांनी 'माशाअल्लाह' म्हटले. अम्मीने तो कपाटाच्या काचेत अडकवला. मला मात्र जाणकाराची पावती हवी होती. म्हणून ज्यांच्याकडे रोल धुवायला टाकायचो, त्या स्टुडिओवाल्यांपुढे फोटो धरला. सारा मोहल्ला त्यांना उस्तादच म्हणायचा. उस्तादांनी फोटो पाहिला, मग उलटा केला आणि त्याची पाठ पाहिली. पाठ कोरी होती. म्हणाले, "फोटू अच्छा है बेटा. मगर ये मस्तगड है, ये कोन बोलेगा? कल तू नइं रहा तो?"

मला राग आला. मी दाद मागायला गेलो होतो आणि त्यांनी भलताच प्रश्न केला होता. त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला पुढची कितीतरी वर्षे लागली. हा लेख त्याच प्रश्नाचा आहे.

आपल्या घरांतून दोन शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, दाद आणि इस्लाह. मुशायऱ्यात शेर आवडला की श्रोता दाद देतो. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागीर्द आपली गझल उस्तादापुढे ठेवतो, उस्ताद एखादा शब्द बदलतो, एखादा मिसरा खोडतो. दाद हजार लोकांत मिळते, इस्लाह बहुधा एकांतात. दादेने उमेद वाढते, इस्लाहने हात सुधारतो. हौसेने निसर्गाचे, गावाचे, नदी-डोंगराचे फोटो काढणाऱ्यांच्या वाट्याला आपल्याकडे दाद भरपूर आली, इस्लाह फार थोडी. आणि त्याची किंमत आपल्या गावांच्या इतिहासाने मोजली आहे.

मस्तगडाचेच पाहा. जालन्याची ही गढी कुंडलिकेच्या काठच्या गावात काबिलखानाने आसफजाहच्या हुकुमावरून 1725 मध्ये बांधली. आत दालने आणि सज्जे असलेली एक मोठी विहीर आहे. पुढे बरीच वर्षे नगरपालिकेचे कार्यालय याच गढीत होते. आज मस्तगड हे नाव गढीपेक्षा वस्तीचे म्हणून अधिक ओळखीचे आहे. ही माहिती आपल्याला कशी कळते? गॅझेटियरातून कळते, पण त्याच्याही आधी एका दगडातून कळते. गढीवर फारसीतला शिलालेख आहे. त्याला आपल्या घरात कतबा म्हणतात. बांधणाऱ्याला ठाऊक होते की भिंत बोलत नसते. म्हणून त्याने तिच्यावर दगड बसवला आणि बांधल्याची नोंद कोरली. उस्ताद माझ्या फोटोच्या पाठीवर हाच कतबा शोधत होते.

फोटोचा विषय निघाला की आपल्या समाजात एक जुना प्रश्न डोके वर काढतो, तसवीर जायज की नाजायज? तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. तसवीर काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सल्ला दिला होता की काढायचेच असेल तर झाडांचे आणि निर्जीव वस्तूंचे चित्र काढ. ही रिवायत बुखारी शरीफात आहे. म्हणजे डोंगर, नदी, झाड, इमारत यांच्या चित्राला कडव्यातल्या कडव्या आलिमाचीही फारशी हरकत नव्हती. पुढे इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोसाठी स्वतंत्र रिसाला लिहिला. फोटो म्हणजे नवे काही घडवणे नव्हे, अल्लाहने घडवलेल्या वस्तूची सावली धरून ठेवणे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. आरशातले प्रतिबिंब टिकवले तर जे होईल, तेच हे.

ही सावली पकडण्याच्या विद्येचा पायाही परका नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि काहिऱ्यात हयात घालवलेल्या इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' लिहिली. अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून आलेला प्रकाश कसा वागतो, हे त्यांनी दिवे मांडून तपासले. आजचा प्रत्येक कॅमेरा म्हणजे ती अंधारी खोलीच आहे, फक्त ती आता खिशात मावते.

हौशी कॅमेरावाल्यांमध्ये आपली माणसे कुठे होती? थेट मक्का-मदिनेत होती. मुहम्मद सादिक बे हे इजिप्तच्या लष्करातले इंजिनिअर. मोजणीचे काम करताना त्यांनी कॅमेरा सोबत नेला आणि 1861 मध्ये मदिनेचे, 1880 मध्ये मक्केचे फोटो घेतले. इंजिनिअर असल्याने कोणती इमारत कुठे आहे, किती लांब आहे, याची नोंद ते ठेवत. 1881 मध्ये व्हेनिसच्या भूगोल परिषदेत त्यांचा सुवर्णपदकाने गौरव झाला.

त्यांच्यानंतरची एक हकीकत मात्र मनाला लागते. मक्केतले एक हकीम, सय्यद अब्दुल गफ्फार, 1885 मध्ये तिथे आलेल्या स्नूक हुरग्रोन्ये या डच पंडिताच्या संगतीत कॅमेऱ्यात तरबेज झाले. पंडिताला मक्का सोडावी लागली, तरी हकीमसाहेब फोटो काढून पाठवत राहिले. काचेवर ते आपली सही करत. 1889 मध्ये स्नूकने मक्केच्या चित्रांचा संग्रह छापला. त्यात त्या सह्या पुसलेल्या होत्या आणि हकीमसाहेबांचे नाव कुठेच नव्हते, फक्त मक्केतला एक डॉक्टर एवढाच उल्लेख होता. त्यांचे नाव जगाला पुन्हा नीट कळायला जवळपास शंभर वर्षे जावी लागली. कतबा नसेल तर काय होते आणि असलेला कतबा कोणी घासून टाकला तर काय होते, दोन्हीचे उत्तर या एका हकीकतीत आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनची सोसायटी 1853 ची, म्हणजे मुंबई अवघे एक वर्ष मागे होती. सभासदांत लष्करी अधिकारी होते, डॉक्टर होते, व्यापारी होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. सभासद आपापली चित्रे आणत, ती हातोहात फिरत आणि मग बोलणे होई. बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि लगेच धुवावा लागे. आपल्याकडच्या उन्हात ती काच पाहता पाहता वाळायची. जंगलात किंवा डोंगरावर जायचे तर काळा तंबू, बाटल्या, पाणी, हमाल असा सगळा लवाजमा लागे. एकाने केलेली चूक दुसऱ्याला सांगितली नाही तर तोही तीच करून खर्चात जायचा. त्यामुळे इस्लाह ही तिथे गरज होती. सोसायटीचे नियतकालिकही निघे आणि 1856 पासून 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हा मासिक संग्रह निघू लागला. प्रत्येक अंकात खरे फोटो चिकटवलेले असत आणि सोबत त्यांची माहिती छापलेली असे. हौशी लोकांचा संग्रह असूनही चित्रासोबत मजकूर द्यायचाच, हा दंडक त्यांनी पाळला.

मुंबईपासून दूर, आपल्या अंगणात म्हणावे अशा अजिंठ्याला तेव्हा मेजर रॉबर्ट गिल राहत होते. मद्रासच्या फौजेतला हा चित्रकार. 1840 च्या दशकात लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला काढण्यासाठी त्याला तिथे धाडण्यात आले आणि तो तिथलाच झाला. वर्षानुवर्षे खपून काढलेली ती भलीमोठी तैलचित्रे लंडनला गेली. 1866 मध्ये तिथल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यांतली बहुतेक जळाली. पण गिलने मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांच्या आणि पश्चिम भारतातल्या वास्तू व निसर्गाच्या त्याच्या फोटोंची दोन पुस्तके 1864 मध्ये लंडनला निघाली होती. त्यांना मजकूर लिहिला वास्तुविद्येचा जाणकार जेम्स फर्ग्युसन याने. तैलचित्रांचे रंग त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत नव्हते, हे खरे. पण आगीनंतर जे हाती उरले त्यात हे फोटो होते, आणि कोणते लेणे कोणते हे सांगणारा मजकूर सोबत होता. गिल 1879 मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

लखनौचे दारोगा अब्बास अली नगरपालिकेत इंजिनिअर होते. त्यांनी 1874 मध्ये 'लखनौ अल्बम' काढला. त्यात 50 फोटो आणि त्यांच्यासोबत शहराचा मोठा नकाशा. बघणाऱ्याने फोटो पाहावा आणि ती जागा शहरात नेमकी कुठे आहे हेही पाहावे, अशी सोय त्यांनी केली. 1857 ने उलटेपालटे झालेल्या शहरात याची किंमत किती असेल, याची कल्पना करावी. नकाशा हाच त्या अल्बमचा कतबा होता.

त्याच 1874 च्या सुमारास इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने फावल्या वेळात कॅमेरा हाती धरला. त्याचे नाव लाला दीनदयाळ. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला हा हौशी माणूस पुढे सहाव्या निजामाचा, मीर महबूब अली खानाचा, दरबारी फोटोग्राफर झाला. निजामाने त्याला 'राजा मुसव्विर जंग बहादुर' हा किताब दिला. वेरूळ, दौलताबाद अशा आपल्या ओळखीच्या जागा त्याने टिपल्या. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते, ते वेगळे झाले 1981 मध्ये. त्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या 1899-1900 च्या दुष्काळाचे आणि मदतकामांचे फोटोही त्याच्या स्टुडिओने काढले. ज्या कॅमेऱ्याने दरबार, शिकार आणि महाल टिपले, त्यानेच हाडे दिसणारी माणसे आणि करपलेली जमीन टिपली. आज ते पाहताना अंगावर काटा येतो आणि जिल्हा व साल लिहिलेले असल्यामुळे ते आपल्या आजा-पणजांचे दुःख आहे हे कळते.

याच दरबारात आणखी एक माणूस होता, नवाब मिर्झा दाग देहलवी. महबूब अली खानाचे ते शायरीतले उस्ताद. दाग यांच्याकडे मुलखामुलखांतून टपालाने गझला यायच्या आणि इस्लाह होऊन परत जायच्या. तरुण इक्बालनेही सुरुवातीला आपल्या गझला त्यांच्याकडे अशाच धाडल्या होत्या. योगायोग असा की दाग आणि दीनदयाळ दोघेही 1905 मध्येच वारले. एका दरबारात, एकाच राजाच्या पदरी, शब्दांची इस्लाह करणारा उस्ताद आणि तसविरी काढणारा मुसव्विर एकत्र नांदत होते. पण शायरीतली ती रीत आपण तसविरीकडे वळवली नाही. शेरावर इस्लाह घेणे मानाचे ठरले आणि फोटोवर कोणी बोलले की अपमान वाटू लागला. माझेच उदाहरण मी वर दिले आहे.

इस्लाह घ्यावी कशी, हे डॉ. सलीम अली यांच्या आयुष्यात दिसते. ते कॅमेऱ्यापेक्षा दुर्बीण आणि वही यांचे माणूस, पण निसर्ग नोंदवण्याचा धडा दोन्हीकडे एकच. कोतवालाच्या कुळातल्या एका पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांबद्दल त्यांनी जे लिहिले ते ह्यू व्हिसलर या नामांकित इंग्रज पक्षितज्ज्ञाला पटले नाही. त्याने लेखी आक्षेप घेतला. सलीम अली आपल्या निरीक्षणावर ठाम राहिले. व्हिसलरने आपल्याकडचे नमुने पुन्हा तपासले, चूक आपली असल्याचे कबूल केले आणि पुढे दोघे जिवलग झाले. 1931-32 मध्ये सलीम अलींनी निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा तिच्या मागे व्हिसलरचे मार्गदर्शन होते. उस्तादही चुकू शकतो आणि शागिर्दाची नोंद पक्की असेल तर उस्तादाला ती मान्य करावी लागते. नोंद नसती तर वाद नुसता आवाजाचा झाला असता.

विसाव्या शतकात हौशी लोकांच्या संस्था वाढल्या. 1937 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया निघाली, 1953 मध्ये देशभरच्या संस्थांचा महासंघ झाला. या मंडळींनी फार मोठे काम केले. महिन्याला सभासदांचे फोटो मांडायचे, जाणकाराने एकेकापुढे उभे राहून बोलायचे, क्षितिज वाकडे का झाले, प्रकाश समोरून घेण्याऐवजी बाजूने घेतला असता तर दगडाचा खडबडीतपणा कसा उठून दिसला असता, कृष्णधवल फिल्मवर पिवळा काच-फिल्टर लावला तर ढग कसे उतरतात, हे समजावून सांगायचे. पण या रीतीची एक उणी बाजूही होती. स्पर्धेत बक्षीस मिळवणारे निसर्गचित्र हळूहळू एकाच साच्याचे झाले. धुके, एकटे झाड, बैलगाडी, लांब सावल्या. तो देखावा कोणत्या गावचा हे विचारण्याची गरज कोणाला वाटेना. आभाळ फिके असेल तर दुसऱ्या काचेवरचे ढग त्यावर उतरवून घेण्याची जुनी युक्तीही काही जण वापरत. चित्र देखणे व्हायचे, पण त्या दिवशी त्या गावावर ते ढग नव्हतेच! माझ्या मस्तगडाच्या फोटोत ढग खरे होते, तरी दोष तोच होता. देखणेपणासाठी मी पायथ्याची घरे, विजेचा खांब, पाण्यासाठी मांडलेल्या घागरी, सगळे काळ्या सावलीत बुडवले होते.

आज हातोहाती कॅमेरा आहे. रोल संपण्याची भीती नाही, धुण्याचा खर्च नाही. जालन्याची पोरेसुद्धा सुंदर फोटो काढतात. कुंडलिकेचे, घाणेवाडी तलावावर उतरणाऱ्या पक्ष्यांचे, मोती तलावावरच्या सकाळीचे. मोती तलाव जमशेदखानाने बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी आणले, हे किती जणांना माहीत आहे? 2012-13 च्या दुष्काळात जालना टँकरवर जगला. घाणेवाडीतला गाळ लोकांनी वर्गणी काढून उपसला. तळ कुठे उघडा पडला होता, पाणी कुठवर मागे सरले होते, काठावर कोणती झाडे उभी होती, हे दाखवणारे फोटो त्या वेळी अनेकांनी काढले असतील. त्यांच्या मागे तारीख, जागा आणि दिशा लिहिलेली असेल तर ते उद्याच्या इंजिनिअरच्याही कामाचे आहेत आणि इतिहासकाराच्याही. लिहिलेली नसेल तर तो नुसता भेगाळलेल्या मातीचा फोटो, कुठलाही, कधीचाही.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातल्या कोणी फोटो पुढे केला तर 'माशाअल्लाह' जरूर म्हणावे. उमेद मारू नये, नवशिक्याची तर मुळीच नाही. पण तिथे थांबू नये. कुठे उभा होतास, तोंड कोणत्या दिशेला होते, तारीख कोणती, चौकटीच्या बाहेर काय ठेवलेस आणि का ठेवलेस, हे प्रेमाने विचारावे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. कारण आपल्या वस्त्यांचे फोटो बाहेरच्यांनी काढले तेव्हा त्यांनी नुसती गटारे टिपली, आणि आपण काढले तेव्हा नुसते मिनार आणि मावळतीचे आभाळ. आपले खरे गाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहून गेले.

मागच्या रमजानमध्ये भाची जालन्याला आली होती. इफ्तारनंतर तिने मोबाईलमधला मस्तगडाचा फोटो दाखवला. मी 'माशाअल्लाह' म्हणालो आणि लगेच उस्तादांसारखे विचारायला लागलो, कुठून काढलास, कधी काढलास. तिने सगळे सांगितले. मग मी मोठ्या ऐटीने माझा जुना फोटो तिच्यापुढे ठेवला. तिने तो उलटा केला आणि म्हणाली, "मामू, इसपे तारीख किधर है?"

मी सांगू शकलो नाही. 1978 असेल, कदाचित 1979. बुरुज कोणता, तेही आता छातीठोक सांगता येत नाही. विचारायला उस्ताद नाहीत, त्यांचा स्टुडिओही नाही. मी पेन घेतले आणि फोटोच्या पाठीवर लिहिले, 'मस्तगड, जालना. पावसाळ्याचे दिवस. साल अंदाजे 1978.' तो 'अंदाजे' शब्द लिहिताना हात कापला, पहिल्यांदा खटका दाबताना कापला होता तसाच.